निम्मा भरलेला बंब

सन १९३६, पौषातला एक गुरुवार. लाकडाची एक गाडी, किंमत तीन रुपये. भोरच्या आमच्या परसात गाडी उतरवून घेताना हजर माणसं चार: वेल्ह्याकडचा गाडीवान, मी, माझी बायको आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आमची मुलगी. गाडीवान आणि मी लाकडांकडे पाहत होतो, त्या दोघी माझ्याकडे. ही गाडी होळीपर्यंत पुरली पाहिजे, असं मी नुकतंच मोठ्यानं बोलून बसलो होतो.

मुलीचं सासर नसरापूरचं, शेतकऱ्याचं घर. विहीणबाईंनी पाठवणी करतानाच बजावलं होतं, "सव्वा महिना ठिवा तिला. पर बारशाला मी येनार. आबाळ दिसली तर त्याच गाडीतनं माघारी नेईन." सासरी गेली की गोठा, पाणी आणि भाकऱ्यांचा ढीग तिची वाट पाहत होता. सव्वा महिन्याची विश्रांती तिला मिळायची तर आमच्याच घरी.

मुलगा झाला. भाटघरची एक बाई बाळंतिणीला न्हाऊ घालायला यायला लागली, आणि माझं लक्ष बंबाकडे गेलं. आमचा बंब तांब्याचा, चार घागरींचा. मधल्या उभ्या नळ्यात लाकडं जळायची आणि नळ्याभोवतीचं पाणी तापायचं. घरच्यांच्या आंघोळी पहाटेच उरकत. नंतर एकट्या बाळंतिणीसाठी बायको बंब पुन्हा काठोकाठ भरायची. न्हाण्याला लागायच्या दोन घागरी. उरलेल्या दोन घागरी दुपारपर्यंत आपल्या आपण थंड होत, आणि मी त्यांच्याकडे पाहून झुरत असे. निम्मं पाणी तर निम्मं लाकूड, हे त्रैराशिक मला तिसरीपासून येत होतं.

"दोनच घागरी घालत जा," मी म्हणालो.

"बंब भरल्याबिगर पेटवू नये. माझी आई सांगायची."

"तुझ्या आईला लाकूड विकत घ्यावं लागत नव्हतं."

यावर ती बोलली नाही. हिशेब पटला, असं मी समजलो. पंचवीस वर्षांच्या संसारानंतरही ती गप्प बसली की तिला पटलं असं समजणारा माणूस हिशेबनीस म्हणून कसा टिकला, हे मला सांगता येत नाही.

त्या दिवसापासून पहाटेही आणि नंतरही बंब निम्माच भरला जाऊ लागला. पाणी लवकर तापे. नळ्याचा वरचा भाग तेवढा लालसर दिसे. मी तो घरातल्या धाकट्या पोरांना दाखवून म्हणत असे, पाहा, आच कशी वाया जात नाही.

बारशाच्या दिवशी विहीणबाई उजाडताच येऊन पोचल्या. त्यांनाही आंघोळ हवी होती, म्हणून बायकोनं बंब काठोकाठ भरला. पेटवायचा मान मी घेतला. मुलगी अंगभर तेल चोळून न्हाणीत पाटावर बसली होती. पहिल्यांदा जाळ नीट लागला. मग चर्र झालं, धूर झाला आणि विस्तव विझला. मी गोवऱ्या घातल्या. त्याही विझल्या. तोटी गळत असेल म्हणून ती आवळली. न्हाणीत धूर कोंडला, बाळंतीण खोकू लागली, आणि बंबाच्या जाळीखालून राखेचं पाणी वाहत विहीणबाईंच्या पायांपर्यंत गेलं.

"गाडीवानानं ओलं लाकूड गळ्यात मारलं," मी म्हणालो.

विहीणबाईंनी एक ढलपी उचलून गुडघ्यावर कडकन मोडली. "लाकूड खडखडीत हाय, इवाय. तुमचा बंबच आतनं न्हातोय."

न्हाऊ घालणारी बाई वाकून पाहत म्हणाली, "नळ्याचा वरला सांदा सुटलाय. रोज अर्धा बंब पेटवायचे न्हवं, तवा कोरड्या नळ्याचा सांदा जोडनारा डाख इतळला. आज पानी वर चढलं न् तितनं विस्तवावर आलं."

"अर्धा?" विहीणबाई म्हणाल्या. "रोज?"

मी लाकडाच्या भावाबद्दल काही सांगू लागलो. त्यांनी ऐकलं नाही. "पोरी, लुगडं नेस. गाडी अजून सोडली न्हाई."

बायकोनं पदराचं टोक तोंडात धरलं. मुलगी तशीच तेलकट, कुडकुडत म्हणाली, "आत्याबाई, आबा लाकडं मोजत्यात. भाकरी न्हाई मोजत कदी. तूप तर मला नगं नगं हुईस्तवर वाढत्यात."

विहीणबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. तिचे गाल भरले होते, ते त्यांनाही दिसलं असावं. "मग ऱ्हा," त्या म्हणाल्या. "पर बंब हितनं म्होरं इवायनीच पेटवायचा. काठोकाठ भरून. आन् राखबी त्येंनीच काढायची."

मुलगी सव्वा महिना राहिली. बंब तांबटाकडे होता तोवर न्हाऊ घालणारी बाई परसातल्या चुलीवर पाणी तापवायची. बंब आल्यावर माझी नोकरी सुरू झाली. आधी गार राख काढायची, नळ्यातली काजळी काठीला चिंधी बांधून पुसायची, पाणी काठापर्यंत आलं हे डोळ्यांनी पाहायचं आणि मगच काडी ओढायची. पेटलेल्या तोंडापासून ढलप्या हातभर लांब. निखारे असेपर्यंत बंब रिकामा करायचा नाही. जितकं पाणी काढू तितकं वरून ओतायचं. बायको दारात उभी राहून पाही. "भरला का?" एवढंच विचारी, आणि मी "भरला" म्हणे.

निम्म्या बंबानं वाचलेलं लाकूड सहा आण्यांचं. सांधा डाखायचा तांबटाला सव्वा रुपया. मुलगी सासरी निघाली त्या सकाळी न्हाऊ घालणाऱ्या बाईला ठरलेले दोन रुपये आणि चोळीचा खण दिला. ती उठेना. म्हणाली, चूल फुकून डोळं गेलं त्याचं काय? तिला आणखी चार आणे दिले.