झुरळाची सर्कस

काशीच्या एका कॉलेजात मी हंगामी शिपाई लागलो. सातवीतून शाळा सोडलेली, त्यामुळे समजलं नाही तरी 'हो' म्हणायची सवय. तिथली प्राण्यांची प्रयोगशाळा रामघाटावरचे एक मराठी गृहस्थ सांभाळतात. मेलेल्या झुरळालाही ते अहो-जाहो करतात आणि गालात पान असल्याशिवाय बोलत नाहीत.

एका सकाळी म्हणाले, "सातारकर, झुरळाचे दोन्ही सर्कस सलामत आहेत ना, जरा बघून या."

काशीत असेल तसलाही खेळ, असं समजून मी शहरात सर्कस शोधायला निघालो. दुपारी परतलो तर दारात कॉलेजचे मोठे साहेब. "कहाँ थे?"

"साहब, सर्कस एक ही है, रामनगर में. उसमें हाथी है, झुरळ नहीं."

साहेबांचा चेहरा बघून नोकरी गेली असंच मी धरलं. तेवढ्यात या गृहस्थांनी चक्क पान थुंकलं. "साहब, गलती मेरी है. मैंने ठीक से बताया नहीं."

मग भिंग देऊन त्यांनी मला झुरळाच्या बुडाची दोन इवली शेपटं दाखवली. "ह्यांनाच शास्त्रात सर्कस म्हणतात. मागून कोणी आलं की ह्या झुरळमहाशयांना यांच्यामुळे कळतं. तुम्हाला नाहीत, काय करणार."

तेव्हापासून साहेब माझ्या मागून यायला लागले की हे गृहस्थ लांबूनच दोनदा खाकरतात.