घोळ धुतल्याचं पाणी

रनाळ्याच्या सुंदरबाईंनी पासष्टी ओलांडली, तरी अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांना माहेरी न्यायला लोणखेड्याहून भाऊ येतो. गिरधरभाऊ स्वतः सत्तरीचे. आले की आधी घोळाची भाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी जेवणार, मगच बहिणीची पिशवी उचलणार.

घोळ म्हणजे पपईच्या बागेत ठिबकच्या नळीखाली आपोआप पसरणारं, जाड पानांचं, आंबटसर तण. लोक उपटून बांधावर फेकतात, सुंदरबाई ओटीत भरून घरी आणतात. ती भाजी सून दिपालीने फोडणीला टाकलेली त्यांना खपत नसे. घोळ मुळातच खारट आणि सुनेला मिठाचा अंदाज नाही, हे त्यांचं ठाम मत. दिपालीने धुवून तेवढी द्यायची.

यंदा मात्र घात झाला. लेकाने, हेमकांतने, बागेत तण उगवू नये म्हणून मल्चिंग पेपर अंथरला आणि बांधावर तणनाशक मारलं. भाऊ उद्या येणार आणि शेतात घोळाची काडी नाही.

"तुले बाग दिखनी, मन्हा भाऊ नई दिखना," असं लेकाला सुनावून सुंदरबाई ओट्यावर जाऊन बसल्या. चाळीस वर्षांत भाऊ घोळाशिवाय जेवून गेला नव्हता. त्यांना खरंच रडू येत होतं.

दिपाली जवळ येऊन म्हणाली, "आत्याबाई, धाबावर चला."

गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत, कठडा धरून त्या दोन वर्षांनी गच्चीचा जिना चढल्या. वर फुटक्या माठांत, जुन्या टबात घोळ मावत नव्हता. घोळ धुतला की खसखशीहून बारीक, काळं बी पाण्याच्या तळाशी बसतं. ते पाणी दिपाली मोरीत न ओतता वर आणून घालायची. पाणी टाकायला एवढा वेळ लागतो का, म्हणून सुंदरबाईंनी तिला वर्षभर टोकलं होतं.

"हाई कवय करं तू?"

"तुम्ही मन्हावर वरडेत ना, तवय."

दुसऱ्या दिवशी लसूण-मिरचीची फोडणी दिपालीनेच दिली. सुंदरबाई गुपचूप लसूण सोलत बसल्या. गिरधरभाऊंनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

"बाई, यंदा भाजी न्यारी लागस."

"मन्ही नई शे, भाऊ. दिपालीनी शे."

मीठही बेतशीर होतं, पण तेवढं कबूल करणं त्यांच्या जिवावर आलं.

रिक्षा दारात लागली. पिशवी घेऊन गिरधरभाऊ बहिणीला हाका मारत राहिले. बहीण भाजी धुतल्याच्या पाण्याची बादली घेऊन, एकेका पायरीवर थांबत, जिना चढत होती.