जावयाच्या हाती लष्करी व्हॅन

आयुष्यात पहिल्यांदा व्हॅन चालवायला मी ज्या बाजूने चढून बसलो, त्या बाजूला स्टिअरिंग नव्हतं.

हे मला रुबाबात दोन्ही हात पुढे केल्यावर कळलं. गाडी लढाईनंतरच्या लिलावातली, अमेरिकन. तिचं चाक डावीकडे! ठाण्यात सासुरवाडीच्या दारात अख्खं वऱ्हाड बघत उभं होतं. "काच पुसायला चढलो होतो," असं म्हणून मी कोऱ्या उपरण्याने काच पुसली आणि पलीकडून चढलो. (काच स्वच्छच होती. उपरणं नंतर स्वच्छ राहिलं नाही.)

माझ्या मेव्हण्याचं, वसंताचं, लग्न होतं. कल्याणला, अकराच्या मुहूर्तावर. ही व्हॅन सासऱ्यांनी लाकडाच्या वखारीसाठी घेतलेली. तिचा ड्रायव्हर ऐन वेळी तापाने पडला आणि मी बोलून गेलो, "त्यात काय? मी चालवतो की!" तोवर मी चालवली होती एका मित्राची छोटी मोटार, तीही मैदानात, तीही मित्र शेजारी हँडब्रेक धरून बसलेला असताना. पण थोरला जावई! त्याला 'नको' कोण म्हणणार? सासरे आढ्याकडे बघू लागले, सासूबाई देवाकडे. फक्त आमची मालती म्हणाली, "अहो, स्टेशन हाकेवर आहे. सरळ आगगाडीने जाऊ या ना."

"आणि नवरदेवाला गर्दीत चेंगरू द्यायचा? छे!"

माजिवड्यापर्यंत झकास गेलो. तिथे मी ऐटीत घोडबंदरकडे वळलो.

"जावईबापू," सासऱ्यांनी अदबीने विचारलं, "इकडे कुणाचं लग्न आहे?"

आता गाडी मागे घ्यायला हवी. मी तो दांडा जिकडे जाईल तिकडे ढकलला. गाडी दर वेळी पुढेच उडी मारी! शेवटी मी जाहीर केलं, "लष्करी गाडी आहे. माघार घेत नाही." मग सगळे पुरुष उतरले आणि त्यांनी रेटत रेटत तिला माघार घ्यायला लावली. मुंडावळ्या बांधलेला वसंतासुद्धा रेटत होता. माझ्याकडे तो ज्या नजरेने बघत होता, ती अजून आठवते.

भिवंडी मागे पडली. कोन गावाच्या अलीकडे एक म्हातारबाबा रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभे. ब्रेक लागला. (चौथ्या प्रयत्नात.)

"डागदर, पाय मुरगाललाय माजा. कल्यानला दवाखान्यान न्या ना!"

"बाबा, मी डॉक्टर नाही हो!"

"मंग ह्ये काय?" त्यांनी काठी गाडीच्या कुशीवर आपटली.

सगळे उतरून बघायला धावले. पांढऱ्या पत्र्यावर हातभर मोठा लाल क्रॉस! तो झाकायला सासऱ्यांनी झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. त्या माझ्या वेगाने केव्हाच उडाल्या होत्या.

"अगं बाई! माझा लेक बोहल्यावर चाललाय की दवाखान्यात?" सासूबाई कडाडल्या. पण बाई खंबीर. त्यांनी करंडा काढला, कुंकू तेलात कालवलं आणि क्रॉसच्या चार टोकांना चार शेपट्या काढल्या. झकास स्वस्तिक! बाबांना नाही म्हणणंही कुणाला जमेना. त्यांना शाल पांघरून, दुखरा पाय उशीवर ठेवून आत बसवलं.

मुहूर्त तोंडावर आला आणि कल्याणात मांडवाच्या वळणावर गाडी बंद पडली. "उतरा!" मी ओरडलो. या वेळी बायकासुद्धा शालू खोचून रेटायला लागल्या. सनई वाजू लागली. मांडवाच्या दारी मुलीचे वडील, हातात ताम्हण घेतलेल्या सुवासिनी. त्यांना काय दिसलं? घामाघूम माणसांचा जथा एक स्वस्तिकवाली गाडी रेटतोय आणि आत, ड्रायव्हरच्या मागे, एकटाच माणूस, शाल पांघरून, उशीवर पाय ठेवून, राजासारखा बसलाय!

सुवासिनींनी धावत जाऊन त्याच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं.

"लय सेवा करतान हो हिकरं!" दवाखाना बाबांना फारच पसंत पडला.

मुलीचे वडील मात्र पांढरेफटक. "अहो, आम्हाला दाखवलेला मुलगा हा नव्हे!"

"सासरेबुवा, मी इकडे!" मागच्या चाकापाशी वसंता ओरडला. तोंडाला ग्रीस, एक मुंडावळी कानात अडकलेली.

त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हा तर क्लीनर!"

शेवटी वसंताचं तोंड धुतल्यावर ओळख पटली, आणि भटजींनी मुहूर्ताला अंतरपाट धरला. बाबांचा पाय मुलीच्या वैद्यकाकांनी बांधून दिला. बाबा दोन पंगती जेवले.

संध्याकाळी मी गाडीत बसून भोंगा वाजवला. कोणी येईना. बघतो तर सगळं वऱ्हाड, नव्या सुनेसकट, स्टेशनच्या दिशेने चाललेलं! "या तुम्ही सावकाश," सासऱ्यांनी लांबूनच हात जोडले. फक्त मालती वळली, आली आणि निमूट माझ्या शेजारी बसली. माझा ऊर भरून आला.

"मालू, तुझा एकटीचा तरी माझ्यावर विश्वास आहे!"

"विश्वास कसला डोंबलाचा!" पदर घट्ट खोचत ती म्हणाली. "तुमच्याशी सप्तपदी माझी एकटीचीच झालीय. बाकीच्यांना आगगाडी मोकळी आहे."