पिवळ्या खडूची खूण

माझ्या वडिलांनी नाशिकच्या एमआयडीसीतल्या टायरच्या कारखान्यात सारी नोकरी तपासणीत काढली. तयार टायरच्या आतून तळहात फिरवायचा, कुठे फुगवटा किंवा गुठळी लागते का पाहायचं आणि टायर पास झाला की पिवळ्या खडूने खूण करायची. यंत्रंही होती, पण यंत्राला शिकवलंय तेवढंच कळतं असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय आमच्या गाडीला टायर चढत नसे. शिवाय तो आपल्याच शहरात बनलेला लागे. परदेशी टायर म्हणजे नुसता दिखावा, हे मत त्यांनी एकाही परदेशी टायरला हात न लावता बनवलं होतं.

मी पेठ गावच्या कॉलेजात शिकवते. रोजचा घाट, त्यामुळे टायरच्या बाबतीत मला अभिमान वगैरे परवडत नाही. गेल्या वर्षी द्वारका चौकाजवळच्या दुकानदाराने थायलंडमध्ये बनलेले चार टायर दाखवले. ओल्या रस्त्यावर पकड चांगली, म्हणाला. मी ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना घेऊन गेले, कारण नेलं नसतं तर त्यांनी महिनाभर अबोला धरला असता. वाटलं, नाक मुरडतील. त्यांनी डोळे मिटून चारही टायरमधून हात फिरवला आणि चांगले आहेत, एवढंच म्हणाले. मी मनातून खूश झाले. दुकानात गर्दी होती, म्हणून टायर दुसऱ्या दिवशी बसवायचं ठरलं.

संध्याकाळी त्यांनी गॅसवरचं उकळत्या दुधाचं पातेलं सांडशी न घेता उतरवलं आणि सावकाश ओट्यावर ठेवलं. मी त्यांचे तळहात उघडून पाहिले तर लालभडक. मधुमेहाने त्यांच्या पायाची बोटं बधिर झालीत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हातांचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी मलम लावत असताना म्हणाले, "सकाळी पण मला काय कळलं नाय."

मला राग आला. घाट मी चढते आणि हे इभ्रतीपायी गप्प बसतात, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन बसले होते. दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी सांगितलं, "कालचं माझं धरू नका. हात गेलाय माझा."

दुकानदाराने स्टूल पुढे केलं. वडील बसले नाहीत. पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं आणि टायरच्या आत नेलं. दाबू नको, घाई करू नको, एका टायरला दोन फेऱ्या. चारही टायरमध्ये मला काही सापडलं नाही. नक्की का, असं त्यांनी प्रत्येक टायरला विचारलं.

मग वाकून त्यांनी टायरवर उमटवलेलं देशाचं नाव वाचलं.

"तिकडं पण कुणीतरी नीट हात फिरवलाय," म्हणाले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात अजून तो खडू असतो, हे मला ठाऊक नव्हतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा उरला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला. मी केलेली खूण वाकडी आली, तरी त्यांनी ती पुसू दिली नाही.