पडदे मोजणारी चित्रा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत, माझ्या समोरच्याच घरात चित्रा घाडीगावकर राहते. ती पडदे शिवते. सुरुवात एका सेकंडहँड मशीनवर झाली. मग ठाण्यापासून कल्याणपर्यंत टॉवर उगवत गेले आणि प्रत्येक टॉवरला खिडक्या होत्या. अकरा वर्षांत चार मशिनं झाली, मदतीला दोन बायका आल्या आणि बँकेत बऱ्यापैकी शिल्लक पडली. नवरा सुशांत एमआयडीसीत सुपरवायझर. त्याचा सल्ला ठरलेला : "एफडी कर आणि झोप."

पण चित्राला झोप येईना. मापं घ्यायला ती ज्यांच्या घरी जाई, त्यांच्यापैकी तिसरा फ्लॅट घेतलेले लोकच मजुरीत पन्नास रुपये कमी करायला सांगत. हे असं सारखं बघून तिला वाटलं, ही विद्या आपणही शिकून घ्यावी.

माजिवड्याच्या एका हॉटेलात 'भाड्यातून स्वातंत्र्य' नावाची दिवसभराची कार्यशाळा होती. फीमध्ये जेवण धरलेलं, म्हणून सुशांतही गेला. सूटवाल्या सरांनी स्टेजवरून विचारलं, "सांगा, तुम्हाला काय अडवतंय?" कोणी भीती म्हणालं, कोणी बायको म्हणालं. चित्रा उभी राहिली. "सर, तुमच्या मागचा पडदा उलटा शिवलाय. सकाळपासून माझं लक्षच लागत नाहीये."

तरी एक वाक्य तिने वहीत उतरवून घेतलं : आधी भाडेकरू बघा, मग भिंती.

पुढच्या रविवारी दोघं कल्याणजवळचा एक टॉवर बघायला गेली. तिथला सेल्समन प्रेम पळतच समोर आला. सुशांतच्या हातात कोल्ड कॉफी देत म्हणाला, "मॅडम, सत्त्याण्णव टक्के सोल्ड आउट. शेवटचे चार राहिलेत. दोन वर्षं झाली पझेशन देऊन."

चित्रा गेटपाशीच मान वर करून उभी. ओठ हलत होते. मग इमारतीला एक फेरी मारून आली.

"फ्लॅट एकशे अडतीस," ती म्हणाली, "आणि पडदे एकोणीस घरांना."

"लोक शिफ्ट होतायत ना मॅडम."

"दोन वर्षं? अरे प्रेम, माणूस नव्या घरात देव मांडायच्या आधी पडदा लावतो. तुझे फ्लॅट विकले गेले असतील, पण राहतंय कोण? मग मी भाडेकरू कुठून आणू?"

सुशांतने शरमून अर्धी कॉफी तशीच टेबलावर ठेवली आणि बाहेर आल्यावर त्या कॉफीबद्दल हळहळला.

चौथ्या दिवशी प्रेमचाच फोन आला. "मॅडम, आमच्या रिकाम्या फ्लॅटना पडदे शिवून द्याल? शंभराच्या वर होतील. साधं कापड चालेल, बाहेरून दिसले म्हणजे झालं."

एवढी मोठी ऑर्डर तिला आजवर मिळाली नव्हती. सुशांत हरखला. "घे ना! तू थोडीच खोटं बोलतेस? तू पडदे शिवतेस."

"उद्या माझ्यासारखी कोणीतरी खाली उभी राहून मोजेल आणि फसेल."

"तुझ्याशिवाय पडदे मोजतं कोण, चित्रा?"

त्यावर तिला हसू आलं, पण ऑर्डर तिने घेतली नाही. सुशांत दोन दिवस कुठलीही खिडकी दिसली की उसासे टाकत होता.

मग विठ्ठलवाडीला एका गिऱ्हाइकाकडे गेली असताना तिला एक जुनी चारमजली इमारत दिसली. रस्त्याच्या बाजूची एकही खिडकी बिनपडद्याची नाही. कुठे पडदा, कुठे साडी, एके ठिकाणी तर कुठल्याशा सेलचं बॅनर. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली-स्वयंपाकघर आठ महिने विकायला पडलं होतं, कारण खिडकी थेट रुळांवर. कागद तिने ठाण्याच्या वकिलाकडून तपासून घेतले आणि मालकाशी बोलायला बसली. तो किंमत सांगायला तोंड उघडी आणि गाडी जाई.

"किती म्हणालात?" चित्रा विचारी.

आपल्या खोलीचा दोष असा सारखा धडधडत जाताना ऐकून मालक ओशाळला. दर वेळी आकडा थोडा खाली आला. पाचव्या गाडीला सौदा झाला.

रजिस्ट्रेशनला साक्षीदार म्हणून मी गेलेलो. तिथे मशीनवर तिचा अंगठाच उमटेना. वर्षानुवर्षं कात्री चालवून तो गुळगुळीत झालेला. पुसून झाला, धुऊन झाला, रांगेतल्या एका आजीने आपल्या केसांचं तेल लावून दिलं. कारकून सज्जन होता. "ताई, काय काम करता?"

"शिवणकाम."

"तरीच. डावा द्या बरं."

डावाही सात वेळा नापास झाला. आठव्या वेळी स्क्रीनवर रेषा उमटल्या आणि मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. चित्राचे डोळे भरून आले. सुशांत तिचा अंगठा हातात धरून, भाजल्यासारखा त्यावर फुंकर घालत बसला होता. एफडीचं नाव त्याने त्या दिवशी काढलं नाही.

गाड्यांचा आवाज अडावा म्हणून तिने त्या खोलीला तीन पदरी जाड पडदे शिवले. भाडेकरू आली आवडाबाई, रेल्वेतल्या गँगमनची विधवा. पंधरा दिवसांनी पडदे धुऊन, घडी घालून तिने परत आणून दिले.

"हे ठेव बाई तुझ्याकडे. चाळीस वर्षं क्वार्टरमध्ये काढली. गाडीचा आवाज नसला की मला झोप लागत नाही. सूनबाईकडे बदलापूरला राहिले, नुसती शांतता. वेड लागायची पाळी आली."

पडदे परत आले, याचं चित्राला दिवसभर वाईट वाटलं. संध्याकाळी ती एकदम उठली आणि त्याच इमारतीतल्या आणखी एका पडून राहिलेल्या खोलीच्या मालकाला फोन लावला. तीही रुळांकडेच होती. ती घेतल्यावर तिने आवडाबाईमार्फत रेल्वेच्या निवृत्त लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली : 'गाड्यांच्या आवाजाची सवय असलेले भाडेकरू हवेत.'

आठवड्यात अकरा फोन आले. त्यातल्या एका मोटरमन काकांनी भाडं विचारलंच नाही. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, "फास्ट गाड्या पण ऐकू येतात ना?"