आईच्या तोंडची लाळ

आईच्या गालात, दाढेच्या मागं गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग शेक सुरू झाले. रेडिएशनला आमच्या भूमकडं शेकच म्हणतात. मी मुरुमला शाळेत शिकवते. रजा टाकून माहेरी आले आणि तिच्याबरोबर दवाखान्याच्या खेपा घालू लागले.

शेक संपले तेव्हा वाटलं, सुटलो. पण आईला घास गिळेना. जीभ टाळूला चिकटायची. भाकरीचा तुकडा तोंडात नुसता फिरायचा आणि शेवटी ती तो गुपचूप पदरात काढून घ्यायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लाळेच्या ग्रंथी गाठीच्या अगदी शेजारी असतात. त्या चांगल्या असल्या तरी शेकाची झळ त्यांनाही लागते. किती लागलीय ते मोजू." त्यांनी आईच्या हातात छोटी नळी दिली. "मावशी, गिळू नका. जमेल ती लाळ यात थुंकत राहा."

"तुमच्यापुढं? न्हाय बाई. लाज वाटती."

शेवटी ती भिंतीकडं तोंड करून, डोक्यावर पदर ओढून बसली. मी मागून वाकून वाकून बघत होते. नळीच्या तळाला जेमतेम फेस जमला होता.

"फारच कमी आहे," बाई म्हणाल्या. "काही ग्रंथी सावरतील, काही नाही सावरणार."

"कधी सावरतील?"

"सांगता येत नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं."

हे उत्तर काही माझ्या पचनी पडेना. घरी आले ती मोबाईलची बॅटरी लावून आईला 'आ कर' म्हणायला लागले. सकाळी बघायचं, जेवणाआधी बघायचं, जेवणानंतर बघायचं. शेजारच्या बायका बोलायला आल्या तरी मी मधेच विचारायची, "जीभ ओली वाटती का गं?" आई मान फिरवायची. मला कळत होतं तिला आवडत नाही, पण हात स्वस्थ बसत नव्हते.

काही महिन्यांनी पुन्हा मोजलं. या वेळी नळीत थोडी जास्त लाळ होती. बाई हसल्या, "सुधारणा आहे. पण पहिल्यासारखं होईलच असं नाही. पाणी जवळ ठेवा." मी तरी विचारलंच, "म्हणजे नक्की किती होईल?"

परतीच्या एसटीत मी बाटली पुढं करत राहिले. आई खिडकीकडून माझ्याकडं वळली.

"शेकानं तोंड वाळलं, आन् तुझ्या इचारण्यानं डोस्कं. लई झालं. तू आता तुझ्या घरी जा."

मला रडू आलं. बाटली घेऊन ती एक घोट प्याली.

दुसऱ्या दिवशी तिनं तुरीच्या आमटीत भाकरी कुस्करली. एकेक घास, मधे पाणी, असं करत ताटली संपवली. मी दारात बॅग घेऊन उभी होते.

स्टँडवर बस लागली. बस हलायच्या आधीच मी फोन लावला. "आई, घसा कोरडा पडला का?"

"आत्ताच गेलीस की गं!" ती म्हणाली आणि फोन ठेवला.