माझ्या जागी बसलेले डॉक्टर

भास्कर डॉक्टरांची एक खोड होती. सुई टोचताना ते रोग्याशी मुद्दाम भांडण काढत. रोगी भांडणात रंगला की सुई कधी आत गेली नि कधी बाहेर आली, याचा त्याला पत्ता नसे. माझ्यासाठी त्यांना विषय शोधावा लागत नसे. मी डिचोलीतला मराठी शाळेचा मास्तर, मराठीसाठी जीव टाकणारा. ते कट्टर कोंकणीवाले. राजभाषा कोणती, यावरून तेव्हा गोव्यात सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. डॉक्टर माझ्याशी चुकूनही मराठी बोलत नसत, मी त्यांच्याशी कोंकणी बोलत नसे, आणि दोघांनाही दोन्ही भाषा चोख कळत. आता बोला!

गोळ्यांना साखर जुमानेना, तेव्हा त्यांनी मला इन्सुलिनवर घातलं. रोज सकाळी स्वतःच टोचून घ्यायचं, हे ऐकूनच मी खुर्ची मागे सरकवली. त्यांनी टेबलावर पदेराच्या भट्टीतला ताजा उंडा ठेवला. म्हणाले, "पयलीं ह्या पावाक तोप." मी डोळे मिटून टोचलं. "पळय, उंडो बोवाळ करिना. मागीर तूं कित्याक करता?" उंडा खरंच ओरडला नव्हता.

निघताना त्यांनी बजावलं, "मास्तर, सुयेक मराठी कळना, कोंकणी कळना. तिका फकत जेवण कळटा. सुई घेतली काय बेगीन जेवपाचें." सुई घेतली की लगेच जेवायचं, एवढंच. मी मान डोलावली. मास्तर लोकांना मान डोलवायची सवय नसते, म्हणून ती नीट डोललीही नसेल.

पुढे बाजारात मराठीवाल्यांचा मंडप उभा राहिला. साखळी उपोषण. रोज नवी माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी बसायची. माझी पाळी आली, ती मी डॉक्टरांना सांगितली नाही. विरोधी पक्षाला कशाला सांगायचं? त्या सकाळी मी मोठं शहाणपण केलं. सुई चुकवावी तर डॉक्टर फाडून खाणार, आणि जेवलो तर उपोषण कसलं? म्हणून सुई घेतली आणि जेवलो नाही. दोघांचाही मान राखला!

भाषणं सुरू झाली. माझे हात थरथरू लागले, सदरा घामाने भिजला, डोळे भरून आल्यासारखे धूसर झाले. शेजारचे म्हणाले, "मास्तर भारावले हो!" मलाही तसंच वाटलं.

समोरच डॉक्टरांचा दवाखाना. त्यांनी खिडकीतून मला पाहिलं आणि गळ्यातली नळी तशीच लोंबत ठेवून रस्ता ओलांडून आले. हातात साखरपाण्याचा पेला; माझी साखर पार उतरलीय, हे त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. "तोंड उगड."

मी दात आवळले. जीभ जड झाली होती, तरी म्हणालो, "साखळी तुटेल."

"अरे, तूं मरतलो!"

"मरू दे. पण कोंकणीवाल्याच्या हातून उपास मोडणार नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि मराठीच्या फलकाखाली सतरंजीवर मांडी घालून बसले. "पी. तुज्या जाग्यार हांव बसतां. सांजमेरेन उदक सोडून कांय घेवचों ना."

माझ्या जागी ते उपाशी बसणार, म्हणजे साखळी तुटणार नव्हती. मग मात्र मी प्यायलो.

आणि ते खरंच दिवसभर बसले! रोगी मंडपात येऊन जीभ दाखवून गेले. संध्याकाळी त्यांचे कोंकणीवाले चिडून आले; डॉक्टर फितूर झाले म्हणाले. डॉक्टर भुकेने आधीच तापलेले. "भास जियेवंक जाय म्हूण झगडटात मरे तुमी? भास उलोवपी मनीस आदीं जियेवंक जाय!" भाषेआधी ती बोलणारा माणूस जगायला हवा, हे काही त्यांना पटलं नाही; पुढे कितीतरी महिने त्या कोंकणीवाल्यांतले काही जण डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. मी विषय काढला की डॉक्टर म्हणत, "बरें जालें, गर्दी उणी जाली."

भास्कर डॉक्टर गेले त्याला बरीच वर्षं झाली. आताचे डॉक्टर हुशार आहेत, गोड बोलतात, माझ्याशी मराठीतच बोलतात. साखर वाढली तर सुईचं माप वाढवतात आणि पुढच्या रोग्याला हाक मारतात. माझी त्यांच्याविषयी काडीचीही तक्रार नाही. पण रोज सकाळी स्वतःला सुई टोचताना फार दुखतं हो. भांडायला कुणी नाही.